एकूण भार शंभर

ग्रंथपालांच्या टेबलाच्या डाव्या खणात एक पत्र सात महिने पडून होतं. पडून म्हणजे ते विसरले होते असं नव्हे. विसरणं हा त्यांचा धंदाच नव्हता. चौतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काढलेला माणूस तो. कोणतं पुस्तक कोणाकडे किती दिवस अडकलंय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. 'आपणाकडील पुस्तकाची मुदत संपली असून' अशी सुरुवात असलेली स्मरणपत्रं त्यांनी आयुष्यात किती पाठवली असतील याची मोजदाद नाही. आणि त्यांच्याच खणात, त्यांच्याच सख्ख्या मोठ्या बहिणीच्या पत्राची मुदत संपून सात महिने झाले होते.

पत्र चार ओळींचं होतं. ताई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला पाल्हाळ खपत नसे. तिने लिहिलं होतं: 'बारकू, गुडघे आता ऐकत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर बोलायला कोणी नाही. मी तुझ्याकडे येऊन राहू का? हो की नाही, एवढंच कळव. कारणं नकोत.'

बारकू म्हणजे ग्रंथपालच. वय वर्षं एकाहत्तर.

आता हो की नाही, एवढंच कळवायला किती वेळ लागतो? तुम्हाआम्हाला एक कार्ड आणि अर्धा मिनिट. पण ग्रंथपालांचं म्हणणं असं, की एवढा मोठा निर्णय मनाला वाटलं म्हणून घ्यायला आपण काय नाणं आहोत, वर उडवलं आणि छापा की काटा बघितलं? निर्णयाला पद्धत असते. आणि ती पद्धत त्यांना येत होती. या एका बाबतीत त्यांना स्वतःबद्दल खात्री होती. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे बोलण्यात, चालण्यात, फोन उचलण्यात, दुकानात सुटे मागण्यात, त्यांचा आनंदच होता.

ती पद्धत त्यांना वाचनालयाने शिकवली होती. वाचनालयाला लोखंडी मांडण्या घ्यायच्या होत्या आणि समितीतल्या सात जणांची आठ मतं होती. तेव्हा वरून एक तज्ज्ञ आले आणि त्यांनी फळ्यावर समजावलं: आधी पर्याय मांडा. मग निकष ठरवा. प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार द्या, सगळ्या भारांची बेरीज शंभर आली पाहिजे. मग प्रत्येक पर्यायाला गुण द्या, गुणाकार करा, बेरीज करा. ज्याची बेरीज जास्त, तो पर्याय. भांडण नाही, तंटा नाही, रात्रीची झोप शाबूत. ग्रंथपाल त्या फळ्याकडे, तहानलेल्याने माठाकडे बघावं तसे बघत राहिले होते.

मांडण्यांची निवड त्यांनीच केली. दशांशाच्या दोन घरांपर्यंत. टिकाऊपणा, उंची, रंग, गंज, सगळे निकष धरून जी मांडणी पहिली आली तिचे चाळीस नग मागवले. मांडण्या आल्या आणि दारातून आत जाईनात. दाराची रुंदी हा निकष कोणी धरलाच नव्हता. शेवटी चौकट काढावी लागली, आणि पावणेदोन आठवडे वाचनालय दात पडलेल्या तोंडासारखं उघडं होतं. ग्रंथपालांनी त्यातून एकच धडा घेतला: पद्धत चुकली नव्हती, एक निकष राहिला होता. निवृत्त होताना त्यांना आठवण म्हणून त्यातलीच एक मांडणी भेट मिळाली. सुटी करून आणली आणि घरात जोडली, म्हणून ती आत तरी गेली.

तर ताईचं पत्र आल्याच्या दुपारीच त्यांनी कोष्टक आखलं होतं. पर्याय अ: ताईने इकडे येणं. पर्याय ब: आहे तसंच चालू ठेवून दर रविवारी फोन करणं. पर्याय क: ताईच्या सोबतीला एखादी बाई बघणं. मग निकष. 'ताईचा एकटेपणा' याला त्यांनी न कचरता भार दिला तीस. ताईची तब्येत पंचवीस. पुस्तकांची जागा दहा. असं करत शंभर केले, गुण दिले, गुणाकार केले. उत्तर आलं: अ. तेही मोठ्या फरकाने.

ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि बेरीज पुन्हा केली. पुन्हा अ.

आणि इथे त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कारण, लपवून काय करायचं, ताई आली की काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. मागे चार दिवस राहायला आली होती तेव्हा तिने त्यांची सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली होती, शाळेच्या मैदानावर मुलं उभी करतात तशी. रोज सकाळी त्यांची नखं बघायची. आणि बोलायची. ती बोलायला लागली की मध्ये श्वास घेते कुठे, हा शरीरशास्त्राला न सुटलेला प्रश्न होता. ग्रंथपाल चौतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेले. त्यांना वाटलं, एखादा निकष राहिला असणार.

मग त्यांनी 'शांतता' घातली. उत्तर: अ. मग 'घोरणे' घातलं. अ. 'रेडिओचा आवाज' घातला. 'एकदा बोलायला लागल्यावर थांबण्याची शक्यता' घातली. प्रत्येक नव्या निकषाला भार द्यायचा तर तो कुठून तरी काढायला हवा, कारण बेरीज शंभरच राहिली पाहिजे. तो भार ते एकटेपणातून काढत गेले. तीसचे वीस झाले, विसाचे बारा, बाराचे चार. पुस्तकांची जागा फुगत फुगत पंचवीसवर गेली. सात महिने हे चाललं. खोडरबरं दोन संपली. आणि तरी तो मेला पर्याय अ दीड गुणाने पुढेच.

'आपण पक्षपाती आहोत,' ग्रंथपालांनी शेवटी निष्कर्ष काढला. खरंच होतं ते, पण त्यांनी काढला तो उलट्या बाजूने. 'गुण कोणा तटस्थ माणसाने द्यायला हवेत.'

तटस्थ माणूस म्हणून त्यांना ताईच्या गल्लीतली शिवणवाली आठवली. ताईच्या भिंतीला भिंत लागून राहायची. मागे एकदा तिने त्यांना पुस्तकांसाठी कापडी पिशवी शिवून दिली होती आणि फार प्रश्न विचारले नव्हते, म्हणून त्यांच्या मनात तिच्याविषयी आदर होता. त्यांनी तिला दोन ओळी लिहिल्या: सोबतच्या कोष्टकात ताईच्या सवयींना दहापैकी गुण द्यावेत. नवी प्रत काढत बसलो तर भार पुन्हा बदलावेसे वाटतील, या भीतीने त्यांनी मूळ पेन्सिलचा कागदच पाकिटात घातला. कागदावर वर ठळक अक्षरात 'ताई'. त्याखाली निकष, प्रत्येकापुढे भार. सगळ्यात खाली 'एकूण भार: १००'. आणि त्याखाली, खबरदारी म्हणून, अधोरेखित: 'हे कृपया ताईला दाखवू नये.'

पाचव्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला.

"काका ना? मी शिवणवाली बोलतेय."

"बोला, बोला. मिळालं का?"

"मिळालं. पण आधी सांगते, शंभर चूक आहे."

"चूक? मी तीनदा बेरीज केलीय."

"बेरजेचं मला कळत नाही. पण बाईंचा भार शंभर कसा असेल? त्यांचे कपडे मीच शिवते, मापं आहेत माझ्या वहीत. पन्नास, फार तर बावन्न. शंभर म्हणजे आमचा कापडवाला."

ग्रंथपालांना हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. "अहो, तो भार तसला नव्हे."

"हो, बाईही तेच म्हणाल्या, तसला नव्हे."

"कोण म्हणालं?"

"बाई."

हसू जिथल्या तिथे राहिलं, ओठांवर, भिंतीवरून काढायच्या राहिलेल्या खिळ्यासारखं. "तुम्ही... ताईला दाखवलंत?"

"मी कशाला दाखवू. पोस्टमननेच सगळी गल्ली जमवली. पाकिटावरचं अक्षर ओळखतो ना तो. सात महिने बाई त्याला रोज विचारतात. कोपऱ्यावरूनच ओरडत आला, बाई, आलं, भावाचं आलं. समोरचा न्हावी एका गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून आला. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आणि मग बघतात तर पाकिटावर नाव माझं."

"मग?"

"मग सगळे म्हणाले, फोड तरी. फोडलं. पण माझा चष्मा मोडलाय, आणि तुमचं अक्षर, काका, राग मानू नका, मुंग्या रांगेत मेल्यासारखं आहे. म्हणून मी बाईंना म्हटलं, तुम्हीच वाचा."

"पण मी खाली स्पष्ट लिहिलं होतं की—"

"'हे कृपया ताईला दाखवू नये.' हो. तेही बाईंनीच वाचलं. मोठ्याने. शाळेतला आवाज आहे ना त्यांचा, कोपऱ्यापर्यंत गेला."

ग्रंथपाल फोन धरून खाली बसले. खुर्ची दोन हात पलीकडे होती, हे त्यांना बसल्यावर कळलं.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. 'ताई, एकूण भार शंभर' एवढं दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, शंभरपैकी शंभर, शाळेत कधी मिळाले नव्हते. आणि कागदाची घडी घालून आत गेल्या." पलीकडे थोडा वेळ मशीनची घरघर ऐकू आली. "घोरण्याला मात्र दोनच द्या, काका. माझं मशीन जास्त घोरतं."

भार! चौतीस वर्षं शब्दांत काढलेल्या माणसाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ आता, जमिनीवर बसल्यावर सुचला. ताईने वाचलं होतं ओझं. सख्ख्या भावाने आपलं ओझं मोजून काढलं, वर शेजारणीकडून तपासून घेतलं. शरमेने त्यांचे कान इतके तापले की फोन त्यांना बाजूला ठेवावा लागला.

पण त्या शरमेतही त्यांना एक आधाराची काडी सापडली. गैरसमज! नुसता गैरसमज होता हा. समजावून सांगितलं की संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते निघाले, आणि वाटभर एकच वाक्य घोकत राहिले: 'ताई, भार म्हणजे ओझं नव्हे, महत्त्व.' शेजारच्या उतारूने दोनदा जागा बदलली.

गल्लीच्या तोंडाशीच पोस्टमन भेटला. त्याने ग्रंथपालांना नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्हीच का ते बारीक अक्षरवाले? बाईंचं उत्तर आणलंत?"

"उत्तर म्हणजे... मीच आलोय."

"असं कसं," पोस्टमन नाराजीने म्हणाला. "ते माझ्या पिशवीतून यायला हवं. सात महिने बोलणी मी खाल्लीत."

न्हाव्याने वस्तरा थांबवून पाहिलं. ग्रंथपाल खाली मान घालून ताईच्या दारात शिरले.

ताई खिडकीपाशी बसून एका सदऱ्याला बटणं लावत होती. शेजारी शिवणवाली मशीनवर. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, आधी नखांकडे, मग तोंडाकडे.

"बस, बारकू. वजन कमी झालंय तुझं. सगळं माझ्याकडे आलं वाटतं."

"ताई, भार म्हणजे ओझं नव्हे," ग्रंथपाल उभ्या उभ्याच म्हणाले, धडा म्हणून दाखवावा तसे. "भार म्हणजे महत्त्व. ज्या गोष्टीचं महत्त्व जास्त तिला भार जास्त. ते तुझं ओझं नव्हतंच. सगळ्या निकषांची बेरीज होती ती. शंभर नेहमीच येते."

ताईचा सुईचा हात थांबला. "महत्त्व?"

"महत्त्व."

"अगोबाई. मग मी उगीच दोन दिवस जेवले नाही." तिचा चेहरा खरोखरच उजळला. तिने उशीखालून कागद काढला आणि चष्मा लावला. ग्रंथपालांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बसले. तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत ताईने वाचायला सुरुवात केली.

"पुस्तकांची जागा, महत्त्व पंचवीस. शांतता, महत्त्व वीस. घोरणे, पंधरा. थांबण्याची शक्यता, पंधरा. रेडिओ, अकरा. ताईची तब्येत, दहा." ती थांबली. थांबण्याची शक्यता तिच्यात नव्हती असं म्हणणाऱ्याने त्या क्षणी तिथे असायला हवं होतं. "ताईचा एकटेपणा. महत्त्व चार."

मशीनही थांबलं.

"ओझं होतं तेच बरं होतं की रे," ताई म्हणाली.

ग्रंथपाल समजावून सांगायला आले होते आणि समजावून सांगितलं होतं. तेवढंच चुकलं होतं.

"चार म्हणजे रेडिओपेक्षा कमी," शिवणवाली हळूच म्हणाली. "रेडिओ तर बिघडलाय यांचा."

"तू गप्प गं." ताईने कागद खिडकीकडे उजेडात धरला. मुलांच्या वह्या तपासून तपासून तिचे डोळे या कामात तयार होते. खोडलेलं तिला लिहिलेल्याहून स्पष्ट दिसे. "इथे आधी बारा होतं."

"हो."

"त्याच्याखाली वीस." तिने कागद आणखी वर केला. "आणि सगळ्यात खाली... तीस आहे का हे?"

"तीस," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच जेमतेम ऐकू आला. "पहिल्या दिवशी तीस होतं. दर वेळी उत्तर 'ताईने यावं' असंच यायचं. मला भीती वाटायची. म्हणून... उत्तर बदलेपर्यंत खोडत होतो. ते बदललंच नाही, ताई."

ताईने बटणाचा दोरा दाताने तोडला.

"वर्गात असं कोणी केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं."

"उभा राहू?"

"बस. पडशील."

मग थोड्या वेळाने ग्रंथपाल म्हणाले, "ताई, चल. आजच चल माझ्याकडे."

"आता नाही रे. ही आली ना राहायला. तिची खोली मालकाने काढून घेतली, तीन महिने झाले."

ग्रंथपालांनी मशीनकडे पाहिलं. ते खिडकीत असं बसलं होतं जसं घर त्याच्याभोवती बांधलं असावं. मघापासून ते समोर होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं. हा पर्याय क होता. त्यांच्या कोष्टकात तो नेहमी तिसरा यायचा.

"तुम्ही... कसं ठरवलंत?" त्यांनी विचारलं. न राहवून विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाई, मशीन कुठे ठेवू? मी म्हटलं, खिडकीपाशी ठेव."

"आणि घोरणं दोनच," शिवणवाली म्हणाली.

निघताना ग्रंथपाल दारात घुटमळले. "तरी पण, ताई, माझं उत्तर हो आहे."

"तोंडी नको." ताईने बोट वर केलं. "मी लेखी विचारलं होतं. लेखी दे. पहिल्या दिवशी तुझं जे उत्तर होतं ते. आणि कारणं नकोत. मी येणार नसले म्हणून काय झालं, माझा प्रश्न अजून उघडा आहे. तो पोस्टमन बिचारा आता मलाच विचारतो, आलं का म्हणून."

घरी पोचल्यावर ग्रंथपाल लिहायला बसले. पण 'हो' लिहायला टाक उचलला आणि त्यांच्या मनात आलं, की येणार नसलेल्या माणसाला 'ये' म्हणण्यात कसला आलाय मोठेपणा? ती उद्या खरंच आली तर झोपणार कुठे? मागच्या खोलीत एक खाट होती, निदान असायला हवी होती. ती त्यांनी पुस्तकांखाली पाहिल्याला सहा वर्षं झाली होती. ते लिहायचं सगळं सामान घेऊनच उठले आणि मागच्या खोलीत गेले. दोन तास पुस्तकं उपसली. खाट निघाली. मग तिच्यापुढची ती भेट मिळालेली मांडणी बाहेरच्या खोलीत न्यावी म्हणून त्यांनी ढकलली. ती दारापर्यंत आली, दारात शिरली आणि रुतली. पुढे जाईना, मागे येईना. दाराची रुंदी! ग्रंथपाल आत, टाक-कागद आत, आणि बाहेर जायची वाट मांडणीच्या सगळ्यात खालच्या खणातून.

खाटेवर बसूनच त्यांनी पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला, दुसऱ्याला तळटिपा आल्या. दोन्ही फाडले. तिसरा असा होता: 'ताई, हो. पहिल्या दिवसापासून हो. खाट मोकळी केली आहे. लाज वाटते. बारकू.' 'लाज वाटते' हे कारणात मोडतं का, यावर ते थोडा वेळ थांबले. मग ते तसंच राहू दिलं, आणि यावेळी खोडरबर खिडकीतून बाहेर टाकलं, हाताशी नको म्हणून.

साडेचारला टपालपेटी उघडायची. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट जिभेला लावलं, पाकीट दातात धरलं आणि एकाहत्तर वर्षांचे ग्रंथपाल मांडणीच्या खालच्या खणातून सरपटत बाहेर आले. कोपरं धुळीने माखली, सदऱ्याचं एक बटण आतच राहिलं. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने वाट दिली आणि काही विचारलं नाही. पेटीपाशी पोचले तेव्हा टपालवाला नुकताच किल्ल्या काढत होता. ग्रंथपालांनी पाकीट आत सोडलं. ते तळाला पडल्याचा आवाज त्यांनी नीट ऐकला. सात महिन्यांत एवढं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

घाम पुसायला त्यांनी हात वर केला. अंगठ्याला तिकीट चिकटलेलं होतं.

बिनतिकिटाचं पत्र पोचतं, हे त्यांना माहीत होतं. फक्त पोस्टमन दारात उभा राहून तिकिटाचे दुप्पट पैसे मागतो, आणि ते ज्याला पत्र आलं त्याने द्यायचे असतात. म्हणजे उत्तर एकदाचं गेलं खरं. पण त्याचाही भार ताईवरच.